जोतिबाची यात्रा आणि फ्रीजचा तक्ता

त्या शनिवारी सकाळी नऊ वाजता मी जोतिबाच्या डोंगरावर गुलालात न्हात होते, आणि त्याच शनिवारी सकाळी नऊ वाजताच्या चौकोनात, आमच्या हॉस्पिटलातल्या फ्रीजच्या तक्त्यावर, माझी सही होती.

२०२२ ची चैत्र यात्रा. कोरोनाची दोन वर्षं डोंगर सुना राहिल्यावर भरलेली पहिली, त्यामुळे सासनकाठ्या बघायला अख्खा जिल्हा लोटला होता. मी रीतसर रजा टाकून गेले होते. सोमवारी कामावर आले तर तक्त्यात शनिवार-रविवारचे चार चौकोन रिकामे. औषधाच्या फ्रीजचं तापमान दिवसातून दोनदा बघून लिहायचं असतं, २ ते ८ अंशांच्या मध्ये आहे ना एवढंच. महिनाभर तिथं ४.२, ४.४, ४.५ असलेच आकडे होते. मी त्याच चालीवर चार आकडे लिहिले, चार सह्या ठोकल्या आणि चहा प्यायला गेले. खोटं करतोय असं मनातही आलं नाही. मोकळी जागा वाईट दिसते, एवढंच.

दोन आठवड्यांनी पुण्याहून मॉनिटर मॅडम आल्या. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: नव्या औषधाची चाचणी ज्या कंपनीच्या पैशातून चालते ती स्पॉन्सर, हॉस्पिटलातले जबाबदार डॉक्टर म्हणजे पीआय, पेशंट, कागद, रक्ताच्या बाटल्या आणि कुरिअरवाला या सगळ्यांच्या मध्ये पळणारी मी, कोऑर्डिनेटर. आणि आम्ही लिहिलेलं खरं आहे का हे बघायला दर काही आठवड्यांनी येते ती मॉनिटर. मॅडमनी फ्रीजमधला डेटा लॉगर काढला. काडेपेटीएवढं यंत्र, ठरावीक मिनिटांनी आपलं आपण तापमान टिपत बसतं. त्याचा आलेख लॅपटॉपवर उघडला. शनिवारी संध्याकाळी वळवाचा पाऊस झाला होता, वीज गेली होती, आणि जनरेटर त्या मजल्यावर चालू झाला नव्हता. आलेखाची रेघ १०.६ पर्यंत चढून तीन तासांनी खाली आली होती. माझ्या तक्त्यात त्या संध्याकाळी ४.५ आणि खाली माझी वळणदार सही.

"शनिवारी तुम्ही ड्युटीवर होता?"

रजेचा अर्ज शेजारच्याच फाइलमध्ये होता.

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "चौकोन रिकामा असता तर मी एक ओळ लिहिली असती. आता मला तुमचे मागचे सहा महिने तपासायला लागणार."

तपासले त्यांनी. तो सगळा साठा बाजूला काढून 'वापरू नये' अशी चिठ्ठी लावली. मधल्या दिवसांत त्याच फ्रीजमधली इंजेक्शनं दोघांना देऊन झाली होती, त्यातला एक पेशंट गारगोटीहून एसटीने येणारा. स्पॉन्सरचं उत्तर यायला तीन दिवस लागले. तेवढे तास तेवढ्या तापमानाला औषध टिकतं, वापरायला हरकत नाही, असं आलं. पण ते तीन दिवस मी काय जेवले, काय झोपले, मला ठाऊक नाही.

गंमत म्हणजे माझ्याकडे जीसीपीचं सर्टिफिकेट होतं. गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, म्हणजे माणसांवर औषधाची चाचणी कशी करावी याचे जगभर मानलेले नियम. नोकरीला लागताना मागतात म्हणून अमेरिकेतल्या नायडा या सरकारी संस्थेचा मोफत ऑनलाइन कोर्स केला होता. १२ मॉड्यूल, सुमारे सहा तासांचं काम. प्रत्येकाच्या शेवटी प्रश्न, ८० टक्के मिळाले की पुढे, नाही मिळाले तर पुन्हा द्या. मी एका रविवारी, कुकरच्या शिट्ट्या मोजत, पार पाडला होता. कोर्सचा दोष नाही, चांगलाच आहे. 'नोंद ज्या वेळेची त्याच वेळी करावी' हा प्रश्न त्यात होता आणि मी बरोबर सोडवला होता.

म्हणून ठरवलं, की नीट परीक्षा द्यायची. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट वेगळं आणि व्यावसायिक सर्टिफिकेशन वेगळं, हे या क्षेत्रात असूनही अनेकांना माहीत नसतं. पहिलं कुणीही घरबसल्या मिळवतं आणि कामाला हात लावायच्या आधी ते लागतंच. दुसऱ्याला आधी कामाचे तास दाखवावे लागतात. अमेरिकेतल्या एसीआरपी या संघटनेची कोऑर्डिनेटरसाठी सीसीआरसी नावाची परीक्षा आहे. तिला नेहमीच्या मार्गाने बसायचं तर ३,००० तासांचं काम. सोक्रा या दुसऱ्या संघटनेचीही परीक्षा आहे. मी पहिली धरली, कारण मॉनिटर मॅडमच्या सहीखाली त्याच संघटनेच्या परीक्षेची अक्षरं होती. इतकंच कारण, उगाच मोठं करत नाही.

तास भरले होते. कागद भरेनात. मी मूळची फार्मसीची. हॉस्पिटलच्या दप्तरी माझं पद 'फार्मासिस्ट' असंच राहिलेलं, कारण कोऑर्डिनेटर हा शब्द पगारपत्रकाच्या यादीत नव्हताच. अर्जासोबत माझ्या कामाचं वर्णन हवं होतं, आणि ऑफिसातून मिळालेल्या पत्रात लिहिलेलं, 'औषध विभागाचे कामकाज पाहणे'. यावर सातासमुद्रापलीकडचा माणूस मला कोऑर्डिनेटर कसा मानेल? अर्ज परत आला. मग मीच बसून लिहून काढलं: पेशंट तपासून घेणं, संमतीच्या प्रक्रियेत मदत, नोंदी, औषधाचा हिशोब, एथिक्स कमिटीशी, म्हणजे चाचणीत पेशंटचं हित जपलं जातंय ना हे बघणाऱ्या समितीशी, पत्रव्यवहार. ऑफिसातल्या साहेबांनी चष्मा वर करून विचारलं, "एवढं सगळं करता तुम्ही?" त्यावर मी काय बोलणार.

फी डॉलरमध्ये. आकडा रुपयांत करून सांगितल्यावर नवरा म्हणाला, "एवढ्यात अर्धी म्हैस येती की." सासऱ्यांनी विचारलं, राहिलेली अर्धी कुठली. कार्डावर परदेशी व्यवहार चालू करून घ्यायला बँकेत दोन खेपा झाल्या. अर्जावरचं नाव ओळखपत्राशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं, आणि आपल्याकडच्या बायकांची नावं कशी असतात ते माहीतच आहे: शाळेच्या दाखल्यावर वडलांचं, आधारवर नवऱ्याचं, पदवीवर भलतंच स्पेलिंग. शेवटी पासपोर्ट कामी आला. दुबईला जाऊ म्हणून काढलेला, दुबई राहिली.

अभ्यासाला मुख्य पुस्तक असं नाही. आयसीएच म्हणजे औषधांचे नियम सगळीकडे सारखे असावेत म्हणून अमेरिका, युरोप आणि जपान यांनी १९९० मध्ये एकत्र येऊन सुरू केलेलं मंडळ. त्यांची मार्गदर्शक तत्त्वं हाच अभ्यासक्रम, आणि जोडीला हेलसिंकीचा जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या संशोधनात डॉक्टरांनी पाळायची नीतितत्त्वं. जीसीपीचं तत्त्व म्हणजे ई-६. मूळ १९९६ चं, मी शिकले ती २०१६ ची दुसरी आवृत्ती. शिवाय घातक परिणाम कळवण्याचं ई-२ए, चाचण्यांच्या आराखड्याचं ई-८, संख्याशास्त्राचं ई-९, मुलांवरच्या चाचण्यांचं ई-११. संख्याशास्त्राने मला रडवलं. औषधात दम नसताना आहे म्हणणं ही पहिल्या प्रकारची चूक, दम असताना नाही म्हणणं ही दुसऱ्या प्रकारची. हे मी लग्नं जमवण्यावरून पाठ केलं. स्थळ चांगलं नसताना होकार ही पहिली, चांगलं असताना नकार ही दुसरी. आजही तसंच आठवते.

मिरजेची एक जण आणि मी, रोज रात्री दहा ते अकरा फोनवर. पोरं झोपली की. ती विचारायची, मी सांगायची, आणि दर दुसऱ्या उत्तराला ती म्हणायची, "हे आपल्याकडचं झालं. त्यांचं सांग."

खरी अडचण ती होती. आपल्याकडे २०१९ चे नवीन औषधे आणि वैद्यकीय चाचणी नियम आहेत, आणि रोजच्या कामात डोक्यात तेच पक्के बसलेले. पेशंटला गंभीर काही झालं, दवाखान्यात भरती करावं लागलं, की डॉक्टरांनी २४ तासांत केंद्रीय परवाना प्राधिकरणाला, स्पॉन्सरला आणि एथिक्स कमिटीला कळवायचं. सगळा उलगडा करून अहवाल १४ दिवसांत. हे मी झोपेतही सांगेन. पण परीक्षेला आपला कायदा नाही की अमेरिकेचाही नाही, फक्त आयसीएच. तिथे डॉक्टरांनी स्पॉन्सरला 'ताबडतोब' कळवायचं, तासांचा आकडाच नाही. औषधाने जिवावर बेतलं आणि तसा परिणाम आधी माहीत नव्हता, तर स्पॉन्सरने सरकारी यंत्रणेला ७ दिवसांत आणि पुरा अहवाल आणखी ८ दिवसांत. बाकीच्या तशा गंभीर बाबी १५ दिवसांत. मी सराव परीक्षेत २४ आणि १४ शोधत बसायची, आणि पर्यायांत ते आकडे मुद्दाम ठेवलेले असायचे. दोन पंचांगं शेजारी टांगून मुहूर्त काढण्यातला प्रकार.

मात्र एका विषयात अभ्यासाने माझं काम जागेवरच बदललं. संमती.

चाचणीत भाग घ्यायच्या आधी पेशंट ज्यावर सही करतो ते मराठीतलं संमतिपत्रक तुम्ही कधी वाचलंय का? एथिक्स कमिटीने मंजूर केलेलं, मराठीचं परत इंग्रजी करून ताडून पाहिलेलं, तारखेसकट. त्यात 'यादृच्छिकीकरण' असतं. 'छद्मौषध' असतं. हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला वाटलं, छापखान्याची चूक. कोल्हापुरात बाया 'मी आलो, मी जेवलो' म्हणतात, तिथे यादृच्छिकीकरण. छापलेल्या कागदात आपल्याला अक्षर बदलता येत नाही, पण तोंडी समजावताना आपली भाषा वापरायला कुणी अडवत नाही, उलट समजेल असं सांगणं हाच नियम. मी सांगते, चिठ्ठी टाकल्यासारखं असतं. कुणाला खरं औषध, कुणाला औषधासारखं दिसणारं पण आत काही नसलेलं. कुणाला काय, ते डॉक्टरांनाही कळत नाही.

पन्हाळ्याकडच्या एक आजी आल्या होत्या, मधुमेहाच्या. वाचता येत नव्हतं. मुलगा घाईत. म्हणाला, "ताई, आईचा अंगठा घ्या, खाली मी सही करतो, झालं." पूर्वी आम्ही असंच जमवून घ्यायचो, फार तर वॉर्डबॉयला साक्षीदार करायचो. आदल्याच रात्री मिरजेच्या मैत्रिणीने मला निःपक्ष साक्षीदाराची व्याख्या तीनदा म्हणायला लावली होती: चाचणीशी संबंध नसलेला, चाचणीवाल्यांच्या दबावाखाली येऊ न शकणारा, जो संमतीच्या वेळी हजर राहतो आणि पेशंटला दिलेला कागद स्वतः वाचतो. आमचा वॉर्डबॉय पीआय सरांच्या शब्दाबाहेर जाईल? त्याची नोकरी जाईल. मग शेजारच्या कॉटवरच्या पेशंटला भेटायला आलेल्या एका निवृत्त मास्तरांना विनंती केली. ते बसले, आणि मास्तरच ते, सगळी पानं वाचली. वाचताना मध्येच मला म्हणाले, "बाई, हे वाक्य मलाही लागत नाही." परत समजावलं. पाऊण तास गेला.

सगळं ऐकून झाल्यावर आजी म्हणाल्या, "म्हंजे निस्ती रिकामी सुई बी टोचतीला मला?"

"टोचतील. पण तुमच्या आत्ताच्या गोळ्या चालूच राहतील."

"आणि दर पंधरा दिसाला यायचं."

"हो आजी."

"मग न्हाय बाई. माझी लेक बाळंतपणाला यायची हाय. मला न्हाय जमायचं." आणि लगेच, काळजीने, "डाक्टर रागावत्यात का?"

डॉक्टर तुम्हाला नेहमीसारखंच बघतील, हे कागदात लिहिलेलं वाक्य मी त्यांना परत सांगितलं. मुलगा चिडला, मास्तर हसले. आमचा आकडा एकाने कमी राहिला आणि त्या महिन्यात आधीच कमी होता. संध्याकाळी सरांना सांगितलं, तर ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "त्या मास्तरांचा नंबर घेतलास का? पुढच्या वेळी बोलवू." मी म्हटलं, सर, आपण ठरवून बोलवायला लागलो की ते निःपक्ष किती राहतील? यावर आमचं अजून पुरतं एकमत झालेलं नाही.

परीक्षा २०२४ च्या वसंतातल्या फेरीत दिली. वर्षात दोनच फेऱ्या असतात. पुण्याला केंद्रावर जाण्याऐवजी घरून, कॅमेऱ्यासमोर द्यायचं ठरवलं, आणि इथे कोल्हापूर आडवं आलं. आमचं घर मंगळवार पेठेत. उन्हाळ्याच्या तोंडाला म्हणजे फुटबॉलचा हंगाम ऐन रंगात. शाहू स्टेडियमवर पेठेचा संघ जिंकला की गुलाल, हलगी आणि सायलेन्सर काढलेल्या गाड्या. हरला तर नुसत्याच गाड्या. माझ्या स्लॉटच्या दिवशी सामना होता. मामेबहिणीकडे नागाळा पार्कात गेले. तिने पोरांना आजीकडे पाठवलं, बेलची वायर काढली आणि दाराबाहेर खुर्ची टाकून बसली. कुरिअरवाल्याला तिने ज्या सुरात "श्श" केलं, ते मला आत ऐकू आलं.

आधी कॅमेरा खोलीभर फिरवून दाखवायचा. टेबलाखाली, पाठीमागे, छताकडे. भिंतीवरचं कालनिर्णय काढायला लावलं. अंबाबाईचा फोटो राहू दिला, त्यावर काही लिहिलेलं नव्हतं म्हणून. मग १२५ प्रश्न, तीन तास. त्यातले २५ गुणांत धरतच नाहीत, पुढच्या परीक्षांसाठी चाचपून बघायला घातलेले असतात. पण ते कुठले हे कळत नाही. म्हणजे आम्हालाही चिठ्ठी टाकल्यासारखंच. विसाव्या प्रश्नाच्या आसपास पडद्यावर सूचना आली, ओठ हलवू नका. मला पुटपुटत वाचायची सवय. उरलेले शंभर प्रश्न मी दात आवळून वाचले, संध्याकाळी जबडा दुखत होता.

प्रश्न सांगता येत नाहीत, तशी सही करून दिलेली आहे. पण धाटणी सांगते, उदाहरण माझं. पेशंट म्हणतो, मला आता चाचणीत राहायचं नाही. काय कराल? एक पर्याय असतो, कारण विचारून समजूत काढा. एक असतो, काही न विचारता नाव काढा. आपल्या स्वभावाप्रमाणे पहिल्यावर बोट जातं. आपण प्रेमाने समजूत काढतो ना. बरोबर उत्तर मधलं असतं: कारण सांगायला तो बांधील नाही, तरी त्याचा हक्क पूर्ण जपून कारण जाणून घ्यायचा रास्त प्रयत्न करा. चारातले दोन पर्याय भल्या माणसाचे वाटतात आणि त्यातला एकच नियमाचा. माझे जे काही चुकले असतील ते तिथेच चुकले असणार.

शेवटच्या बटणानंतर पडद्यावर निकाल येतो. २०० ते ८०० च्या मापात ६०० ला उत्तीर्ण. मी पास. किती मिळाले ते विचारू नका, फार वर नव्हते. बहिणीने दार उघडलं तेव्हा मी रडत होते, तिला वाटलं गेलं. मग आम्ही दोघी मिसळ खायला गेलो, कट दोनदा मागून घेतला.

पगार वाढला का? नाही. पगारपत्रकावर मी अजून फार्मासिस्टच आहे. सहीखाली चार अक्षरं आली, आणि दोन वर्षांनी ती टिकवायला पुन्हा गुण जमवायचे. तोवर अभ्यासलेलं जुनंही झालं: ६ जानेवारी २०२५ ला ई-६ ची तिसरी आवृत्ती पक्की झाली. १३ तत्त्वांची ११ झाली, मांडणी सगळी उलटीपालटी, आणि 'सब्जेक्ट' जाऊन 'पार्टिसिपंट' आला. या एका बाबतीत आमचं ते यादृच्छिकीकरणवालं पत्रक पुढे होतं. त्यात पहिल्यापासून 'सहभागी' असंच छापलंय. मिरजेची मैत्रीण आता परत रात्री दहाला फोन करते.

२०२५ ची चैत्र यात्राही शनिवारीच आली. या वेळी मी आधीच सरांकडून कामवाटपाच्या तक्त्यात फार्मसीतल्या मुलाचं नाव घालून घेतलं होतं, त्याचं ट्रेनिंग, त्याची सही, सगळं. सकाळी साडेनऊला डोंगरावर, खोबरं-गुलाल उधळत असताना त्याने व्हॉट्सॅपवर तक्त्याचा फोटो पाठवला, खाली अंगठा. फोटो मोठा करून बघितला. तापमान ४.६. वेळ ९.०५. सहीचा चौकोन रिकामा. त्या हलगीत काही ऐकू येईना, म्हणून मी दीपमाळेच्या आडोशाला जाऊन त्याला फोन लावला.

"ताई, सोमवारी करतो की सही, तुम्ही आल्यावर."

"नाही. आत्ता कर. आणि आत्ताची वेळ घाल, ९.०५ नको."